साळिंदर आणि माळी

भोपाळला टेकडीवरच्या आमच्या शेजारच्या बंगल्यात एक म्हातारा माळी यायचा. रोप लावलं की त्याभोवतीची माती तळव्याने हलकेच थोपटायचा. एकदा साळिंदराने निशिगंधाचे कंद उकरून खाल्ले. बंगल्याच्या मालकांनी माळ्यापुढे विषाची पुडी धरली. तो हात मागे घेत म्हणाला, "साहब, इन हाथों से सिर्फ़ पौधे लगेंगे." खुरपी उचलून तो निघून गेला. मी कुंपणाशीच उभा होतो.

तीन दिवसांनी साळिंदर मेलेलं सापडलं. मालकांनी चौकशीला आलेल्या वनरक्षकाला बेधडक सांगितलं, "माळ्याने विष घातलं."

माझं डोकंच सणकलं. "साफ खोटं! पुडी तुमच्या हातात होती!" मी ओरडलो.

मालक आता माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत. पण टेकडीवर त्या माळ्याला अजूनही कुणी फाटकाच्या आत घेत नाही.