मंजुळाबाईंचा एक तास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि युनियनमधल्या ज्या मैत्रिणींबरोबर अर्धं आयुष्य काढलं त्यांना तर नाहीच. आताही सांगितलं नसतं. पण गेल्या महिन्यात वाशीच्या एका हॉलमध्ये आम्हा निवृत्तांचा मेळावा झाला. तिथे माझ्या खांद्यावर शाल घालून कुणीतरी माईकवरून म्हणालं, 'समान वेतनाच्या लढ्यातल्या आपल्या रणरागिणी!' टाळ्या वाजल्या. मी हसून नमस्कार केला. कामोठ्याला घरी येईपर्यंत डोकं असं तडतडत होतं की रिक्षावाल्याशी उगाच भांडले. त्याचा काय दोष? राग माझाच होता मला. पण रस्त्यात स्वतःवर ओरडता येतं का?

आधी तो लढा काय होता ते सांगते. मी ग्रामीण बँकेत होते. आमच्या डोक्यावर एक मोठी बँक. नियम त्यांचे, फॉर्म त्यांचे, ऑडिटलाही त्यांचीच माणसं, पगार मात्र आम्हाला कमी. का? तर तुम्ही खेड्यातले! आम्ही बेलापूरच्या ऑफिसबाहेर गेट मीटिंगा घेतल्या, वर्षानुवर्षं कोर्टात भांडलो, आणि जिंकलो. गेटवर सगळ्यात मोठ्यांदा मी ओरडायचे, 'काम सारखं, तर पगारही सारखा!' आवाज बसेपर्यंत. ते नाटक नव्हतं. शब्द न् शब्द मला खरा वाटायचा — माझ्यापुरता.

त्यानंतर माझी बदली पनवेलजवळच्या एका गावात झाली, शाखेची मॅनेजर म्हणून. आम्ही चौघं, आणि पाचव्या मंजुळाबाई. गावातल्याच, आगरी. रेकॉर्डवर सफाई कामगार, रोज एक तास. एक तास! सकाळी नऊला शटर उघडायला त्या, संध्याकाळी सहाला कुलूप लावायला त्या. मधल्या वेळात व्हाउचर शिवणं, पोस्टात जाणं, बचत गटाच्या बायकांना स्लिप भरून देणं — सगळं त्याच. सातवी शिकलेल्या बाईने बघून बघून पासबुक छापायचं मशीन शिकून घेतलं होतं. ते अडकलं की आमचा क्लार्कसुद्धा हाक मारायचा, 'मंजुळाबाई, बघा ना जरा.'

मीच त्यांना एक दोनशेपानी वही दिली. म्हटलं, रोज आल्या-गेल्याची वेळ लिहीत जा, कधीतरी उपयोगी पडेल. दर शनिवारी मी तिच्यावर सही करायचे. किती चांगली होते मी, नाही? युनियनची बाई! दुसऱ्याच्या हक्काची काळजी करणारी!

मग सफाई कामगारांनी आणि शिपायांनी केस टाकली. आम्ही जे मागितलं तेच त्यांनी मागितलं. मोठ्या बँकेतला शिपाई जे काम करतो तेच आम्ही करतो, तर पगारही तेवढाच द्या. मंजुळाबाईंनीही त्यात नाव घातलं. सही करून आल्या त्या दिवशी माझ्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, 'मॅडम, वकील बोलतो पुरावा पायजे. मी त्याला बोलले, आमच्या मॅडम हायेत, वही हाय, कशाला घाबरायचा?'

काही दिवसांनी मला बेलापूरला बोलावणं आलं. आता तुम्हाला वाटत असेल की पुढे धमकी येणार, बदलीची भीती येणार, प्रमोशनचं गाजर येणार. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. पण साहेबांनी कोर्टात द्यायचा नुसता एक कागद पुढे सरकवला. 'सदर शाखेत सफाईचे काम दररोज एक तासाचे आहे.' आणि म्हणाले, 'वाचा नीट. पटत नसेल तर तुमच्या शब्दांत लिहून द्या.' बस. एवढंच. उरणकडच्या एका शाखेच्या मॅनेजरने खरंच स्वतःच्या शब्दांत लिहून दिलं की आमचा शिपाई दिवसभर काम करतो. त्याचं काय वाकडं झालं? काहीही नाही. सुखाने रिटायर झाला तो.

मी सही केली.

आणि तेवढ्यावर थांबले नाही. कोर्टात बँकेतर्फे माझी साक्ष होती. तिच्या आदल्या दिवशी ती वही शाखेच्या कपाटातून काढून पर्समध्ये टाकली, अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि घरी आणली. भर दुपारी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून एकेक पान फाडलं. निळ्या पेनाने, दाबून दाबून लिहिलेलं — नऊ ते सहा, नऊ ते सहा. खाली माझी सही. सगळं ओल्या कचऱ्यात, मटारच्या सालांखाली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मंजुळाबाईंच्या वकिलाने मला विचारलं, 'हजेरीची अशी काही वही शाखेत होती का?' मी म्हणाले, 'नाही.' आवाज जरासुद्धा हलला नाही माझा. मंजुळाबाई मागच्या खुर्चीत बसल्या होत्या, ठेवणीतली हिरवी साडी नेसून. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. त्यांनी वकिलाकडे बघितलं — आपणच त्याला खोटं सांगितलं असावं अशा ओशाळ्या चेहऱ्याने.

का केलं मी हे? साहेबाच्या भीतीने नाही, पैशासाठीही नाही. मंजुळाबाईंना मिळालं असतं तर माझ्या ताटातलं काय कमी होणार होतं? खरं कारण इतकं क्षुद्र आहे की लिहितानाही हात थांबतो. एकदा काउंटरवर एका म्हातारीची स्लिप मी भरायला घेतली. तिने माझ्या हातातून ती ओढून घेतली. 'तू नको गो. मंजुलाबाय येवदे.' सगळी शाखा हसली. मीही हसले. पण ते आत कुठेतरी रुतलं. मी एमकॉम, परीक्षा देऊन आलेली — आणि गाव विचारतं झाडूवालीला! त्यात उद्या कोर्टानेही म्हटलं असतं की ही बाई कर्मचारी आहे, तुमच्यासारखीच. तुमच्यासारखीच! हा एक शब्द मला सहन झाला नसता. आमच्याहून वरच्यांशी बरोबरी मागताना माझा घसा बसला होता. खालून कुणी तीच मागितली तर मी तिचा पुरावा फाडला.

मंजुळाबाईंचं नाव निकालात आलं नाही. दिवसभर काम केल्याचा पुरावा नाही, म्हणून. उरणकडच्या त्या शिपायाला सगळं मिळालं. पुढे बँकेने सफाई कंत्राटावर दिली आणि एका सोमवारी मंजुळाबाईंना दारातूनच परत पाठवलं. मी आत, केबिनमध्ये होते. बाहेर आले नाही. आता त्या खारघरच्या एका टॉवरमध्ये जिने पुसतात. या वयात, सत्तावीस मजले.

मी रिटायर झाल्यावर त्या एकदा घरी आल्या. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. सोफ्यावर बसा म्हटलं तर अगदी कडेला टेकल्या. नवरा चहा ठेवायला आत गेला. केसचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला — माझी समजूत घालायला.

'तुमचा काय दोस नाय, मॅडम. सायबांनी दाबून लिवून घेतला आसंल. पोटासाठी करावा लागतं मानसाला. गावात कोन तुमच्याबद्दल वाकडा बोलला ना, मी बोलून नाय दिला.'

तेव्हा तरी बोलायचं होतं. आम्ही दोघीच होतो खोलीत. माझ्यावर कुणाचा दाब नव्हता — तेव्हाही नाही, आधीही नाही. एक वाक्य होतं फक्त.

मी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाले, 'हो ना मंजुळाबाई. फार दाबलं हो त्यांनी मला.'

त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी फिरवू दिला.