मोठ्यानं वाचलेली किल्ली

इस्लामपूरच्या सायबर कॅफेत माझ्या शेजारी एक रिटायर फौजी बसायचे. भाड्यानं घेतलेल्या लांबच्या कॉम्प्युटरवर, लिनक्स सर्व्हरवर, ते क्रिप्टोचा मास्टरनोड, म्हणजे आभासी नाण्यांचे व्यवहार तपासणारी यंत्रणा, उभा करत होते. "चोवीस तास पहारा देणारं मशीन हाय हे," असं सांगायचे. पलटणीत वायरलेसवर होते, त्यामुळं प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत एका बोटानं टाईप करायचे.

"मनात वाचलं की चुकतंय माझं."

त्या दुपारी त्यांनी आपल्या नाण्यांची गुप्त किल्ली टाकायला घेतली, तीही तशीच मोठ्यानं. किल्ली ज्याच्या हाती, नाणी त्याची. मागच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या दोघांची टिकटिक एकदम थांबली. हातातला पेपर मी त्यांच्याहून मोठ्यानं वाचू लागलो.

ते वळले. "आवं, जरा गप बसा की. पहारा लावतोय मी."