फोटोत थंडी दिसायला हवी!

आमच्या घरी कोणी चहाला आलं की लोकरीचा एखादा किस्सा निघतोच. मी काही ते जमवायला गेले नव्हते हो! मुरुडसारख्या घामट गावात चार बायका लोकरीच्या शाली विणायला बसल्या आणि त्यात माझा दीर कॅमेरा घेऊन घुसला, मग दुसरं होणार काय? शाली केव्हाच विकल्या गेल्या. किस्से तेवढे माझ्या गळ्यात राहिले.

* * *

जंजिरा संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाचं हे. आमच्या माडीवर दुपारी अड्डा जमायचा. मी, माझी नणंद शशी, शेजारची खतिजा आणि गोदूताई. लोकर पाठवायचे मुंबईचे एक शेटजी. त्यांना विणकामाच्या नमुन्यांचं पुस्तक काढायचं होतं, म्हणून त्यांनी शालींचे फोटो मागवले. वसंतभावोजी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि त्यांच्याकडे बॉक्स कॅमेरा होता. आमच्या आनंदाला पारावार उरला नाही!

पहिले फोटो काढले वाडीत, नारळाखाली. शेटजींचं उत्तर आलं, "शाल सरस छे, पण ठंडी क्यां छे?"

आता मुरुडात थंडी आणायची कुठून! भावोजी म्हणाले, "खडकावर जाऊ. लाटा फुटतायत, वारा सुटलाय, पदर उडतोय असं दिसलं की बघणाऱ्याला आपोआप हुडहुडी भरेल." तेव्हापासून आमच्या सहली सुरू झाल्या.

* * *

विणायला चौघी, पण फोटोत एकटी शशी. मी फोटोत हटकून डोळे मिटायची. खतिजाच्या सासूला सुनेचा फोटो परक्यांच्या हाती गेलेला चालणार नव्हता. आणि गोदूताईंचा तर प्रश्नच नव्हता.

गोदूताई लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेल्या. त्या धाकट्या भावाकडे राहायच्या. अंगावर बारा महिने पांढरं पातळ. पण हात असा की मोर म्हटलं तर मोर, वेल म्हटली तर वेल! भाऊ आप्पा, त्याने अट घातली होती, "ताई, विणायचं तर विण. पण रंगीत काही अंगावर घेतलेलं दिसलं, तर माडीवर जाणं बंद!"

माडीवरचे ते दोन तास सोडले तर त्या बाईला चूल आणि देवघर याखेरीज काही नव्हतं. मला आप्पाचा असा राग यायचा! अजून येतो.

* * *

राजपुरीच्या खडकांवर पहिली सहल. ऊन मी म्हणतंय. शशीने जाडजूड शाल गळ्यापर्यंत ओढलेली. भावोजी ओरडतायत, "थंडी आण चेहऱ्यावर! कुडकूड जरा! दात वाजव!"

शशी बिचारी कुडकुडत्येय आणि घामाच्या धारा लागल्यात. तेवढ्यात मासळीची पाटी डोक्यावर घेऊन एक कोळीण वरून चालली होती. तिने पाटी धाडकन खाली ठेवली आणि आली की तरातरा खडकावर! शशीच्या कपाळावर हात ठेवला आणि आमच्यावर उसळली.

"पोरीला हिवताप आलाय आणि तुमी फोटू काय काढताव? लाज हाय का न्हाय? कोयनेल द्या तिला कोयनेल!"

आम्ही समजावून थकलो. तिने शशीला खडकावरून खाली उतरवूनच पाटी उचलली.

* * *

भावोजींना फोटो काढल्यावर रोल पुढे फिरवायची आठवण राहायची नाही. एकदा शाळेत हेडमास्तरांचा निरोपाचा फोटो काढला आणि त्याच फिल्मवर दुसऱ्या दिवशी नांदगावच्या खडकावरची शशी! फोटो धुऊन आला तर मधोमध हेडमास्तर, गळ्यात हार, आणि त्यांच्या खांद्यावर आमची शशी शाल पांघरून ऐटीत बसलेली.

भावोजी घाबरत घाबरत माफी मागायला गेले. हेडमास्तरांच्या बायकोने फोटो बघितला, चष्मा लावून पुन्हा बघितला आणि म्हणाली, "तरीच म्हटलं, हे हल्ली खांदा दुखतो खांदा दुखतो म्हणून का ओरडतात!"

* * *

खतिजाची शाल कधीच वेळेवर पुरी व्हायची नाही. दिघीला जायचं ठरलं तर ही आगरदांड्याच्या धक्क्यावरही विणतेच आहे! होडी आली, तशीच विणत विणत चढली. होडी सुटली. थोड्या वेळाने तांडेल मागे वळून बघतो तर पाण्यावरून एक निळी रेघ थेट धक्क्यापर्यंत गेलेली. लोकरीचा गुंडा मागेच राहिला होता आणि धक्क्यावर टुणटुण नाचत सुटत होता!

तांडेल म्हणाला, "बाय, मी दोर सोडला. तुमी परत बांधला का?"

सगळी होडी हसायला लागली. एक म्हातारे चाचा तर टाळ्या वाजवत होते. खतिजा मात्र, "अल्ला, तोडू नका, गाठ पडेल!" म्हणून ओरडत शेवटपर्यंत लोकर ओढत बसली.

दिघीला तशीच अर्धी शाल शशीला गुंडाळली, सुया पाठीमागे लपवल्या. भावोजी म्हणाले, "थंडी!" शशी सवयीने मागे टेकली. सुई टोचली! असा काही श्वास आत ओढलान पोरीने की काय सांगू. शेटजींचं पत्र आलं, "आ फोटोमां ठंडी छे!"

* * *

पुस्तकाच्या कव्हरसाठी शेटजींनी गोदूताईंची शाल मागितली. हिरवीगार! काठाला वेल, मध्ये जाळी. रोल दुसऱ्या दिवशीच्या बोटीने जायलाच हवा होता आणि नेमकी आदल्या दिवशीच शशीला बघायला मंडळी आली. ती घरात अडकली. आम्ही तिघी आणि भावोजी राजपुरीला जाऊन बसलो. एकच फोटो शिल्लक, मागे जंजिरा, लाटा अशा फुटतायत, आणि शाल पांघरायला माणूस नाही! मला सातवा महिना होता. खतिजाने दोन्ही हात जोडले. ऊन उतरायला लागलं.

गोदूताई मांडीवरच्या शालीवर हात फिरवत होत्या. एकदम म्हणाल्या, "वसंता, फोटोत हिरवं दिसतं का रे?"

"नाही ताई. करडं दिसतं."

"आणि तांबडं?"

"तेही करडंच. जरा गडद."

"म्हणजे तुझ्या या पेटीला सवाष्ण आणि विधवा यातलं काही कळत नाही?"

भावोजींनी मान हलवली. "नाही ताई."

"मग काढ फोटो!"

त्यांनी शाल अंगावर घेतली आणि खडकाच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. वाऱ्याने शाल अशी उडाली! थंडी आणा म्हणायची भावोजींची छाती झाली नाही. खतिजा रडत होती, मीही रडत होते. बटण दाबलं. रोल संपला.

मी शाल घ्यायला हात पुढे केला. "असू दे गं," म्हणाल्या आणि टांग्यात जाऊन बसल्या.

आम्हाला वाटलं, गाव आलं की काढतील. कसलं काय! बाजारपेठेच्या अलीकडच्या टोकाला टांगा थांबवला आणि उतरल्या. आख्खी पेठ चालत! वाणी तराजू हातात धरून बघतोय, बायका दारात आल्यात, आणि आमच्या गोदूताई हिरव्यागार शालीत, ताठ मानेने. आम्ही मागोमाग. मी एका हाताने पोट सावरत, धापा टाकत. माडीचे दोन तास आता संपले, एवढंच डोक्यात येत होतं.

आप्पा दारातच उभा. चेहरा लालबुंद.

"ताई! अंगावर काय हे?"

गोदूताई पायरीवर थांबल्या. शाल खांद्यावर नीट केली.

"करडी शाल आहे रे. खोटं वाटत असेल तर फोटो येऊ दे, मग बघ. आता बाजूला हो, मला सुया घेऊन माडीवर जायचंय."