लेझर, टाके आणि आईच्या आठ्या

"डर्मॅटोकॅलॅसिस," युट्रेख्टच्या रुग्णालयातले नेत्रतज्ज्ञ म्हणाले आणि माझ्या पापणीवरची कातडी चिमटीत धरून मला आरशात दाखवली. म्हणजे वयामुळे सैल झालेली कातडी पापणीवर लोंबणं. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. वय झालं हे दुसऱ्याने, तेही पट्टी लावून मोजून सांगणं मला मुळीच आवडलं नाही.

त्याआधी वर्षभर माझं कपाळ दुखत होतं. संध्याकाळ झाली की भुवयांच्या वर जड व्हायचं. काजळ घातलं की दुपारपर्यंत त्याची रेघ वरच्या पापणीवर उमटायची. माझी लेक मीरा जेवताना माझ्याकडे बघून विचारायची, "आई, आर यू अँग्री?" मी चिडलेली नसायचे, पण तिने तिसऱ्यांदा विचारलं की चिडायचे. आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, इथल्या डच रिवाजाप्रमाणे आधी पॅरासिटामोल दिली. मग एकदा सायकलवरून जाताना डोक्यावरचा लाल सिग्नल मला दिसलाच नाही. मोटारवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचले. तेव्हा कुठे रुग्णालयासाठी चिठ्ठी मिळाली.

तिथे व्हिज्युअल फील्ड टेस्ट झाली. नजर चारी बाजूंना कुठवर पोचते हे बघायची ही तपासणी. यंत्रात हनुवटी टेकवायची आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. वरचे ठिपके मला दिसेनातच. मग नर्सने माझ्या पापण्या चिकटपट्टीने वर उचलून धरल्या आणि तपासणी पुन्हा घेतली. वर ठिपकेच ठिपके होते! आणि भुवया ताणून पापण्या उचलायची गरज उरली नाही, तसं कपाळ एकदम हलकं झालं. मला रडूच आलं. "पट्टी राहू दे ना," मी तिला म्हटलं. तिने समजुतीने हसून ती काढून टाकली.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. लेझरने कातडी थोडी आवळेल, सुरकुत्या कमी होतील, पण पापणी किती उचलली जाईल ते सांगता येणार नाही. "शिवाय तुमच्या रंगाच्या त्वचेवर काळे डाग राहू शकतात. अशा त्वचेवर मी फारसं लेझर केलेलं नाही," ते सरळच म्हणाले. दुसरा मार्ग ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे जादाची कातडी कापून टाके घालणं. त्यात पापणी नक्की उचलली जाते, पण कधीकधी डोळा पुरता मिटत नाही.

"मग मी काय करू?"

"ते तुम्ही ठरवायचं."

पुण्यात आपण डॉक्टरांसमोर बसतो ते 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणायला. मी काकुळतीला आले. "तुमची बहीण असती तर काय सांगितलं असतं?"

"बहिणीचे डोळे मी तपासलेले नाहीत," ते म्हणाले.

घरी शिरीषला, माझ्या नवऱ्याला, विचारलं तर तो म्हणाला, "तू ठरव, मी आहे." तो होता, पण ठरवत नव्हता. पुण्याला आईला फोन केला. "चेहऱ्याला हात लावू देऊ नकोस बाई. वयानं होतंच. मी नाही का चालवून घेतेय?" आरशासमोर उभं राहून मी कधी डागांना भ्यायचे, कधी उघड्या राहिलेल्या डोळ्याला. माझाच चेहरा, आणि त्याचं काय करावं हे मलाच कळेना. शेवटी नर्सच्या त्या चिकटपट्टीची आठवण झाली. तेव्हा जे दिसलं ते मला परत हवं होतं. मी शस्त्रक्रिया निवडली.

फक्त पापणी बधिर करतात, आपण जागे असतो. "उघडा. मिटा," एवढंच ऐकू येत होतं. पुढे काही आठवडे डावा डोळा पुरता मिटेना. मलम घालून, अर्धा डोळा उघडा ठेवून झोपायचं. शिरीष थेंब घालायचा आणि निम्मे माझ्या गालावर जायचे. चूक केली, असंच तेव्हा वाटत होतं. मग हळूहळू डोळा मिटू लागला. डोळ्यांखालच्या सुरकुत्या अजून आहेत, पण सिग्नल दिसतो. निर्णय माझ्यावर सोडणाऱ्या त्या डॉक्टरांवर तेव्हा रागावले होते, आज त्यांचे आभार मानते.

तुमच्या घरात कुणाच्या कपाळावर सदा आठ्या असतील, तर आधी त्यांच्या पापण्या तपासून घ्या, आणि वेळेवर घ्या. माझ्या आईच्या पापण्याही तशाच निघाल्या, पण तिला पुण्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलं. तिचं हृदय आता तेवढं धड नाही.

त्याआधी, माझा डोळा बरा झाल्यावर मी तिला पहिल्यांदा वेबकॅमवर पाहिलं. दादाने तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं. मला बघायला तिने भुवया उंच ताणल्या आणि कपाळभर त्या आठ्या पडल्या. आईच्या आठ्या आमच्या घरात प्रसिद्ध. आठ्या बघूनच आम्ही तिच्याकडे काही मागायचं की नाही ते ठरवायचो. त्यातल्या किती वेळा ती खरंच रागावलेली होती आणि किती वेळा नुसती बघायचा प्रयत्न करत होती, कोण जाणे.

"आई, दोन्ही पापण्या बोटांनी वर धर बघू."

"हे काय आता नवीन?" म्हणत तिने धरल्या. तिचं कपाळ सपाट झालं. तसं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"अगंबाई," ती म्हणाली, "मान वर न करता भिंतीवरचं घड्याळ दिसतंय की!"

बराच वेळ ती तशीच बसून इकडेतिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हात दुखले गं," आणि तिने बोटं काढली.