भिंतीवरचे डोळे

मित्रहो, आज दुपारचं सांगते. मन अजून ठिकाणावर नाही.

सौंसरजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी नर्स आहे. लोक व्हरांड्यात थुंकायचे. दंडाची पाटी लावली, तरी कोणी ऐकेना. मग मी भिंतीवर दोन मोठे डोळे रंगवून घेतले. आठवडाभरात थुंकणं बंद झालं. मी खुश होते.

पण संत्रा तोडणीला जाणाऱ्या सुमनकाकू खोकल्याच्या तपासणीला आल्याच नाहीत. म्हणून आज त्यांच्या घरी गेले. भर दुपारी दार-खिडक्या बंद. आत काळोखात त्या तोंडावर पदर दाबून बसलेल्या. पदरावर रक्ताचे डाग.

"काकू, दवाखान्यात काऊन नाही आल्या?"

"आली होती बाई. ते डोळे माह्याकडंच पाहून राहिले होते. थुंकी गिळली अन् वापस आली. तवापासून घरात बी कोणी पाहून राहिलं असं वाटते."

मी त्यांना अंगणात आणून थुंकीच्या नमुन्याची डबी दिली. त्यांनी आधी मागं वळून घराची भिंत पाहिली. मग हळूच विचारलं, "यात थुंकलं तर दंड नाही ना?"

नमुना तपासणीला पाठवला आहे. तुमच्या गल्लीत कोणी असं दार लावून खोकत असेल, तर आज त्यांचं दार वाजवाल का?