पितृपक्षातली खोपी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं माझी आई म्हणायची. सासरी आले तर सासूबाई म्हणाल्या, ‘भिंगरी नाय, इंगळी डसलीय हिला.’ खोटं नव्हतं ते. मला एका जागी बसवतच नाही. आत्ता एवढं सांगायला बसले, तर तेवढ्यात दोनदा उठून दाराशी जाऊन आले. पण त्या भाद्रपदात जीव जसा टांगणीला लागला होता, तसा पुन्हा कधी लागला नाही.

आमचा मळा पंचवटीच्या पुढं, नदीच्या कडेला; तिला आम्ही गंगाच म्हणतो. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब आणि बांधाकडेला मेथी-कोथिंबीर. एकोणीसशे तीसनंतरची ती मंदीची वर्षं. भाजीला कुत्रं विचारत नव्हतं. घर चालायचं ते एका देवळाच्या रतीबावर. रोज सकाळी हार आणि सुटी फुलं पोचवायची. फुलं निवडायची आणि ओवायची पडवीत, आणि घरातली बाई बाहेरची झाली की तिनं बसायचं तेही पडवीतच. घर केवढं, तर दोन खोल्या आणि ही पडवी! मी बसले तर पाचव्या दिवशी न्हाऊन कामाला लागायची. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं तसं नव्हतं. त्यांचं मूल पोटातच गेलं, आणि तेव्हापासून अर्धा महिना त्या पडवीतच असायच्या. अंगावरून पुन्हा कधी जायला लागेल याचा नेम नसायचा. तेवढे दिवस आम्ही फुलं लिंबाखाली घेऊन बसायचो, पाऊस आला की टोपल्या उचलून पळायचो.

एकदा पुजारीबुवा स्वतः मळ्यात आले. पडवीत एका कोपऱ्यात जाऊबाई, दुसऱ्या कोपऱ्यात पावसातून घाईनं आत ओढलेल्या टोपल्या. बुवा तिथूनच मागं फिरले. म्हणाले, ‘घटस्थापनेच्या आत फुलांची जागा वेगळी करा. नाहीतर दुसरे माळी पुष्कळ आहेत.’

बुवा गेले आणि सासूबाईंनी तोंड सोडलं. ‘जागा कुठनं आणू? त्यापरीस हिलाच माहेरी धाडते. थोरल्याला दुसरी करून देते, म्हणजे घराला पोरही होईल.’ थोरले भाऊजी खुरप्याला धार लावत बसले होते, ते धारच लावत राहिले. जाऊबाई कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्या माहेरी कोण होतं? एक भाऊ, आणि त्याची बायको हिला पाणी विचारायची नाही.

माझं डोकंच फिरलं. या बाईनं मला सासरी पहिल्या वर्षी सांभाळलं होतं. माझी भाकरी करपली की स्वतःच्या ताटात घ्यायची आणि चांगली मला वाढायची. म्हटलं, ‘आत्याबाई, फुलांना खोपी मी बांधते.’

‘बांध की! पितृपक्ष लागलाय. पक्षात नवं काय करत नाय कुणी, येवढं तरी कळतं का? घरात नवा खिळा आणायचा नाय.’

‘मग जुना आणते. सगळं जुनंच आणते.’

जुन्याला मनाई आहे असं सासूबाईंनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि तसं पाहिलं तर नवं लाकूड घ्यायला आमच्याजवळ होतं तरी काय? म्हणजे पक्षाचा नियम आमच्या पथ्यावरच पडला.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि आमचे हे, दोघं मळ्यात लाकूड धुंडाळायला लागलो. विहिरीवरची मोटेची जुनी चौकट कधीची मोडून पडली होती. तिचे चार खांब झाले. यांनी खांबांची बुडं जाळून काळी केली, म्हणजे वाळवी लागत नाही, आणि मग पुरली. मोडक्या बैलगाडीची एक बाजू जशीच्या तशी उभी करून मागची भिंत केली. मग गाडं अडलं. तीन भिंतींना फळ्या कुठल्या?

गावात भद्रकाली भागात एक रॉकेलवाले चाचा होते. रॉकेलचे डबे तेव्हा लाकडी खोक्यांतून यायचे, आणि रिकाम्या खोक्यांचा त्यांच्या दुकानामागं ढीग पडलेला असायचा. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मी म्हटलं, ‘चाचा, नवऱ्या मुलाचा सेहरा आमच्या गुलाबांचा. त्याच्या बदल्यात खोकी द्या, आणि फुटके डबेही द्या.’ चाचा हसले, म्हणाले, ‘बेटी, याचं घर करणार? जरा विस्तवापासून जपून.’ आम्ही दोन खेपा केल्या.

खोकी फोडायची, फळी चिरू द्यायची नाही, खिळा वाकडा निघाला तरी टाकायचा नाही. ते खिळे जाऊबाईंनी सरळ केले. पडवीत बसल्या बसल्या दगडावर ठेवून ठोकायच्या. सासूबाई गुरगुरल्या, तर मी म्हटलं, ‘लोखंडाला कुठं विटाळ असतो?’ दिवसभर पडवीतून टक टक ऐकू यायचं आणि मला तेवढाच धीर वाटायचा. एकदा सरळ खिळ्यांची मूठ माझ्यापुढं टाकून जाऊबाई म्हणाल्या, ‘धाकटे, माझ्यासाठी एवढा जीव काढू नको गं.’ मी म्हटलं, ‘गप बसा, अजून तेवढेच लागतील.’ दुसरं काय बोलणार? रडू आलं असतं.

डबे कापून, बडवून सपाट केले आणि छपरावर ठोकले. पाऊस रोज दुपारी यायचा, मी ओल्या फळीवर उभी राहून ठोकायची, हे खालून ओरडायचे, ‘अगं पडशील!’ अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. जेवायला बसले तरी लक्ष खोपीकडं, चार घास खाल्ले की उठले. दार बसेना, तर ते तसंच तिरकं बसवलं. आतून शेणानं सारवलं. सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी खोपी उभी राहिली. वाकडी, ठिगळं लावलेली, पण उभी! मी तिच्याभोवती चार वेळा फिरून आले.

संध्याकाळी मी शेवंतीची पहिली टोपली आत ठेवली. सकाळी उठले ती थेट तिकडं. टोपली उचलली, नाकाशी नेली. फुलांना रॉकेलचा वास! बंद दारामागं रात्रभर फळ्यांचा वास फुलांनी ओढून घेतला होता. बाई गं! एवढे दिवस त्या फळ्यांत नाक घालून काम केलं आणि मला सुचलं नव्हतं, यांनाही नव्हतं.

सासूबाईंनी मूठभर फुलं हुंगली आणि टोपलीत टाकली. ‘देवाला काय कंदिलाचं रॉकेल वाहायचंय?’ पण रागावल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. ‘बरं झालं. फुलं ऱ्हाऊ दे पडवीत. थोरलीच जाईल खोपीत. आता बारा महिने तिकडंच. माहेरी धाडायला नको, लोक बोलायला नको. आणि घरात जागाही झाली. दसऱ्याला त्या आडगावच्या लोकांना बोलावते, त्यांची पोरगी बघू.’

जाऊबाईंनी गोधडी आणि तांब्या उचलला आणि त्या मळ्यातून चालू लागल्या. मी बघत राहिले. जाऊबाईंना घरात ठेवायला म्हणून मी जी खोपी बांधली, तिनंच सवतीला जागा करून दिली होती. माझ्या हातानं! मला वाटलं, कुऱ्हाड घ्यावी आणि सगळं पाडून टाकावं. दिवसभर मी नुसती येरझारा घालत होते.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. देवळाची वर्षातली सगळ्यात मोठी मागणी. पडवीत शेवंतीच्या आणि झेंडूच्या टोपल्या भरून मांडल्या होत्या. हे आणि भाऊजी डोक्यावर न्यायला तयार उभे. सासूबाईंनी हाक मारली, ‘धाकटे, बस ओवायला.’

मी पडवीपुढून सरळ खोपीकडं गेले. जाऊबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला. त्या चटका बसल्यासारख्या मागं सरल्या. ‘अगं, शिवू नको!’

‘शिवले,’ मी मोठ्यानं म्हटलं, म्हणजे पडवीत ऐकू जावं. ‘आता मीही बाहेरची.’ आणि त्यांना चिकटून बसले.

‘आंघोळ कर अन् ये मुकाट्यानं!’ सासूबाई ओरडल्या.

‘नाही करत. उद्याही नाही, परवाही नाही.’

मी मान खाली घालून बसले होते. हे लांबून हातानं खुणावत होते, त्यांच्याकडं बघितलंच नाही. सासूबाईंनी स्वतः सुई घेतली. त्यांची बोटं वातानं आखडलेली. दोन वेळा हार तुटून फुलं अंगणभर झाली. ऊन वर यायला लागलं. आयुष्यात तेवढी एकदाच मी इतका वेळ एका जागी बसले असेन.

मग सासूबाई टोपली कमरेवर घेऊन आल्या. खोपीच्या उंबऱ्यापुढं आपटली. वर सुया आणि दोरा फेकला. ‘मी काय बघितलं नाय,’ म्हणाल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

जाऊबाईंचा हात पुढं होईना. ‘आत्याबाई, देवाचं आहे हे.’

‘ठावं हाय मला देवाचं हाय. ओव.’

मला राहवलं नाही. ‘आणि दसऱ्याचे पाहुणे?’

सासूबाई तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, ‘ती पोरगी आली अन् तू पुन्हा अशीच इथं येऊन बसलीस, तर टोपली घेऊन पुन्हा हिच्याच दारात येऊ का मी? नको म्हणून सांगावा धाडते. ओवा आता, बयांनो. ऊन चढलं.’

जाऊबाईंनी दोन्ही हात लुगड्याला पुसले आणि सुई उचलली. डोळे भरले होते, त्यांना सुईचं भोक काही दिसेना. दोरा मी ओवून दिला.