मास्तरांचा दुसरा ब्रेक

मास्तरांनी बावीस वर्षांत दीड-दोन हजार माणसांना गाडी चालवायला शिकवलं, आणि त्यातली शेवटची सतरा वर्षं स्वतः एकदाही गाडी चालवली नाही. हे ऐकून कोणाला हसू आलं तर त्यांची काही हरकत नसते. समोरच्याच्या आधी तेच हसायला लागलेले असतात. ही सगळी हकीकत ते आपणहून सांगतात, आणि सांगताना स्वतःला एका वाक्याचीही सूट देत नाहीत.

त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. आठ खुर्च्या, रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि एक फळा. फळ्यावर मास्तरांनी स्वतः काढलेला मेंदू. तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो हे त्यांना मान्य आहे. नवी बॅच आली की पहिला तास त्या मेंदूचा. "इथे आत बदामाएवढा एक भाग असतो," मास्तर खडूने टिंब देत सांगायचे. "तो सारखा बोंब मारतो. समोर वाघ आहे की ट्रक, त्याला काही कळत नाही. तेव्हा तुम्ही घाबरट नाही, तुमचा बदाम घाबरट आहे!" माणसं हे वहीत उतरवून घ्यायची. तासाभरात ती इतकी धीट व्हायची की दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात चावी देताना मास्तरांच्याच पोटात गोळा यायचा.

पण मास्तरांना काळजी नव्हती. ते बाजूच्या सीटवर बसत आणि त्यांच्या डाव्या पायाखाली दुसरा ब्रेक असे. शिकणारा चुकला की हे दाबणार. "जगात एवढी एकच जागा आहे जिथे बसून मी शूर असतो," असं ते म्हणतात. ते काही खोटं नाही.

मास्तरांचं गाडी चालवणं सुटलं त्याचं कारण पाचव्या वर्षी घडलं. सर्व्हिसिंग झालेली गाडी ते एकटेच गॅरेजमधून आणत होते. गल्लीतून एक हातगाडी पुढे आली. मास्तरांचा डावा पाय रोजच्या सवयीने सपकन खाली गेला. पण चालकाच्या सीटवर त्या पायाखाली असतो क्लच! इंजिन नुसतं ओरडलं, हातगाडी कशीबशी वाचली, आणि गाडी घरंगळत जाऊन केशकर्तनालयाच्या बाहेरच्या खुर्चीवर आदळली. खुर्चीत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. हातात वस्तरा घेऊन न्हावी बाहेर धावला. त्याने मोडलेली खुर्ची पाहिली, मग गाडीच्या टपावरची पाटी पाहिली आणि ती मोठ्याने वाचली, "येथे गाडी उत्तम शिकवली जाते." भोवती जमलेली माणसं हसली. मास्तर म्हणतात, अपघाताचा आवाज मी विसरलो, ते वाचन नाही विसरलो.

तेव्हापासून गॅरेजची गाडी मेकॅनिक आणून द्यायचा आणि मास्तर घरून पायी यायचे. "दिवसभर गाडीतच असतो हो, पायांना व्यायाम नको का?" असं म्हटलं की लोक कौतुक करायचे. खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसांना पुन्हा उभं करायचं, चालवायचं, हे तिचं काम. गाडी मात्र ती समोरच्या दुसऱ्या स्कूलमध्ये शिकली, कारण मास्तरांच्या तीन शिकवण्यांनंतर संसार टिकवायचा असेल तर मास्तर बदलले पाहिजेत यावर दोघांचं एकमत झालं. फार पाऊस असला की ती त्यांना सोडायला यायची आणि मास्तर अलीकडच्याच चौकात उतरायचे. बायकोच्या शेजारी बसून आलेला ड्रायव्हिंग मास्तर कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून ते भिजत जायचे.

अशी सतरा वर्षं सुखात गेली आणि मग पत्र आलं. नवा नियम झाला होता. शिकवण्याचा परवाना पुढे चालू ठेवायचा असेल तर प्रत्येक प्रशिक्षकाने तपासणी अधिकाऱ्यासमोर अर्धा तास स्वतः गाडी चालवून दाखवायची, तीही दुसरा ब्रेक नसलेली. तारीख पाच आठवड्यांनंतरची. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. परवाना गेला तर पोटाचं काय, हा प्रश्न होताच. पण त्याहून मोठी धास्ती लाजेची होती. ज्यांना आपण धीर शिकवला त्या सगळ्यांना कळणार की शिकवणाऱ्याकडेच तो नव्हता.

पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वतःवर ते सगळे उपाय केले जे आजवर दुसऱ्यांना सांगितले होते. मनगटावर रबरबँड लावला आणि वाईट विचार आला की ओढून सोडला. दोन दिवसांत मनगट सुजलं. डोळे मिटून आपण झकास गाडी चालवतोय असं चित्र मनात आणलं. चित्रात गाडी खरंच झकास चालायची, तोवर कोपऱ्यावरून वस्तरा घेऊन न्हावी यायचा. मग न्हाणीघरातल्या आरशापुढे उभं राहून मोठ्याने म्हणायला लागले, "मी समर्थ आहे. मी निर्भय आहे."

"अहो, आत कोणाला दम देताय?" बाहेरून बायकोने विचारलं.

आरशातला आत्मविश्वास दाराच्या कडीपर्यंत टिकायचा. गाडीचं दार दिसलं की हातपाय गार.

रविवारी त्यांनी हात टेकले. बायको जेवणाच्या टेबलावर तिच्या पेशंटांची वही लिहीत होती. मास्तर तिच्यासमोर बसले आणि बदाम कसा बोंब मारतो, विचार कसे बदलावे लागतात, हे सगळं तिलाच समजावून सांगायला लागले. तिने थोडा वेळ ऐकून घेतलं.

"अहो, तुमचा बदाम काही तुमच्या तासाला बसत नाही," ती म्हणाली. "त्याला बोललेलं कळत नाही, केलेलं कळतं. माझ्याकडे येतात त्यांना मी 'तुम्ही चालू शकता' म्हणून भाषण देते का? मी म्हणते, हा पाय उचला. उचलला की मेंदूला कळतं, अरे, उचलता येतो की! दुसऱ्या दिवशी परत. मेंदू नवी वाट पाडतो, पण चालल्याशिवाय नाही पाडत."

"आणि पडला म्हणजे?"

"म्हणून हात जवळ ठेवते. पण धरत नाही. सारखं धरून ठेवलं तर त्याचा पाय शिकत नाही. त्याला एवढंच कळतं, की बाई आहे म्हणून मी उभा आहे."

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं आणि ती पुन्हा लिहायला लागली. मास्तरांना मात्र ते लागलं, आणि लागलं ते भलत्याच जागी. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशात कागद ठेवला आणि दुसरा ब्रेक दाबला की त्यावर रेघ मारायची असं ठरवलं. पाच शिकवण्यांत एकसष्ट रेघा झाल्या. खरी गरज किती वेळा होती? तीन वेळा. बाकीच्या अठ्ठावन्न वेळा शिकणाऱ्याचा पाय पोचायच्या आत यांचा पाय पोचला होता.

त्या दिवशीची पाचवी शिकवणी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची होती. बाई वर्षापूर्वीच परीक्षा पास झाल्या होत्या, पण एकटीने गाडी काढायची म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. म्हणून तिसऱ्यांदा उजळणीला आल्या होत्या. "तुम्ही शेजारी असलात की माझी गाडी कशी छान चालते!" असं त्या नेहमी म्हणत आणि मास्तर ते घरी जाऊन फुशारकीने सांगत. आता कागदावरच्या रेघा पाहून त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी बाईंना गाडी कडेला घ्यायला सांगितली आणि सगळं कबूल करून टाकलं.

"म्हणजे गेलं वर्षभर गाडी मी चालवत नव्हते?" बाईंचा आवाज चढला.

"चालवत तुम्हीच होता. थांबवत मी होतो."

बाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट ठेवले. मग अख्ख्या शाळेला गप्प करणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "पाय वर घ्या."

"अहो, पण..."

"वर घ्या म्हणते ना! मांडी घाला."

मास्तर पट्टा बांधून सीटवर मांडी घालून बसले. त्या दिवशी बाईंनी गाडी तीनदा अशी थांबवली की मास्तरांचे दात वाजले. पण थांबवली त्यांनी. तिसऱ्यांदा थांबल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो मास्तरांनी बावीस वर्षांत कोणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. बघायला सवडच कुठे होती! लक्ष सगळं स्वतःच्या पायात. आठवड्याभरात बाई एकट्या बाजारात जाऊन आल्या, आणि मास्तरांच्या पोटात पहिल्यांदाच गोळ्याऐवजी हेवा उठला.

त्याच आठवड्यापासून रोज सकाळी सहाला जुन्या गोदामाच्या मोकळ्या आवारात बायकोची गाडी, चालकाच्या सीटवर मास्तर आणि शेजारी वर्तमानपत्र वाचणारी बायको. तिने पेशंटांच्या वहीत त्यांचंही एक पान उघडलं होतं. पहिल्या दिवशीची नोंद अशी: 'इंजिन सुरू केलं. बंद केलं. पेशंट घामाने निथळला.' दुसऱ्या दिवशी गाडी दहा हात पुढे गेली आणि बंद पडली. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने पान उलटलं. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. डावा पाय भलत्या वेळी खाली जायचा. मास्तर त्याला मोठ्याने दटावायचे आणि तो तेवढ्यापुरतं ऐकायचा, अगदी मास्तरांच्या विद्यार्थ्यांसारखा.

"काहीतरी बोल की गं," एकदा ते कळवळून म्हणाले.

"काय बोलू? गाडी चालू आहे ना? मग मला वाचू द्या."

तिसऱ्या आठवड्यात ते रस्त्यावर आले, आणि एके दिवशी त्याच गल्लीतून जायची वेळ आली. न्हावी आता म्हातारा झाला होता. त्याने गाडी पाहिली, चालकाच्या जागी कोण बसलंय ते पाहिलं, आणि घाईघाईने बाहेरची खुर्ची उचलून आत नेली. मास्तरांना एवढं हसू आलं की गाडी कडेला थांबवावी लागली, आणि थांबवल्यावर लक्षात आलं की ब्रेक बरोबर पायाने दाबला होता. बदाम आत ओरडत होताच. तो अजूनही ओरडतो. ते त्याला ओरडू देतात आणि वळण आलं की वळतात.

तपासणीचा दिवस उजाडला आणि मास्तर बायकोचीच गाडी घेऊन हजर झाले. अधिकारी तरुण होता, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. तो मांडीवर फॉर्म घेऊन शेजारी बसला. वीस मिनिटं ठीक गेली. मग चढावरचा चौक आला, आणि सिग्नल हिरवा होताच गाडी गचका खाऊन बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. गाडी मागे सरकायला लागली. मास्तरांनी हँडब्रेक ओढला, चावी फिरवली, हळूहळू क्लच सोडला आणि चौक ओलांडला.

गाडी आवारात उभी राहिल्यावर अधिकाऱ्याने विचारलं, "चौकात घाबरलात?"

"पाचावर धारण बसली होती, साहेब."

"तसं दिसलं नाही. सुरू तर लगेच केलीत."

"आजवर ती माझ्या हातून सत्तावीस वेळा बंद पडलीये, साहेब. सत्तावीस वेळा मीच सुरू केलीये. आता अठ्ठाविसाव्यांदा न व्हायला काय झालं?"

अधिकाऱ्याने फॉर्मकडे पाहिलं. "गाडी किती वर्षं चालवताय?"

फॉर्मवर बावीस लिहिलेलं होतं. स्वतः मास्तरांनीच लिहिलेलं, ठसठशीत अक्षरात. बावीस म्हटलं की सही, परवाना आणि घर. सतरा वर्षं झाकलेली लाज तशीच झाकलेली राहिली असती.

"चार आठवडे," मास्तर म्हणाले.

पेन थांबलं. "इथे बावीस वर्षं लिहिलंय."

"ती नुसती बसलो, साहेब. खोडा ते."

अधिकारी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. मास्तरांनी नजर खाली घेतली नाही. शेवटी त्याने बावीसवर काट मारली, वर 'चार आठवडे' लिहिलं, खाली 'उत्तीर्ण' लिहून सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"पाच वर्षांनी परत यायचंय," तो म्हणाला. "तेव्हा तरी नीट लिहा."

"लिहीन ना, साहेब," मास्तर म्हणाले. "पाच वर्षं चार आठवडे."